गरिबाघरी वीज आली, तर हवामान बिघडेल?

प्रश्न: मी अर्थशास्त्र शिकवते. विकसनशील देशांवर बोलताना एका विद्यार्थिनीने विचारलं, "विषमता घटली की गरीबही वीज, गॅस, गाडी वापरणार. मग कार्बन उत्सर्जन वाढणारच ना?" मला उत्तर सुचलं नाही.
— एक शिक्षिका

उत्तर: तिची शंका रास्त आहे. तुटपुंज्या मिळकतीच्या घरात चार पैसे जास्त आले की ते दिवा, पंखा, इंधन, प्रवास यांकडे वळतात; श्रीमंताचे बरेचसे शिलकीत पडतात. रॅव्हॅलियन, हाइल आणि जलान या अर्थतज्ज्ञांच्या 2000 सालच्या अभ्यासात, सरासरी उत्पन्न सारखं असताना जास्त विषमतेच्या देशांत उत्सर्जन कमी दिसलं. हे प्रथम वाचलं तेव्हा मी अस्वस्थ झाले. 'गरिबी आहे म्हणून हवामान सावरलंय' असा अर्थ यातून काढणारे भेटतात. मला तो मुळीच मान्य नाही. आर्थिक वाढीला समतेची जोड मिळाली तर दीर्घकाळात समता की हवामान हा पेच सैल होतो, असंही त्याच अभ्यासात आहे.

मग मी कागद घेऊन बसले. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की सुमारे 3 किलो कार्बन डायऑक्साइड. पाच माणसांच्या घराला वर्षाला 100 किलो गॅस धरला, तर 300 किलो. आता एक मोटार घ्या: वर्षाला 10,000 किलोमीटर, लिटरला 15. पेट्रोलच्या लिटरमागे साधारण 2.3 किलो, म्हणजे दीड टन. एका गाडीत पाच घरांचा वर्षभराचा स्वयंपाक! शिवाय त्या घरात आधी लाकूडफाटा जळत होता आणि त्याचा धूर चुलीपुढच्या बाईच्या छातीत जात होता, हे या हिशेबात आलेलंच नाही.

जागतिक विषमता अहवाल 2022 नुसार, 2019 मध्ये जगात सर्वात जास्त उत्सर्जन करणाऱ्या 10 टक्के लोकांचा उत्सर्जनातला वाटा जवळपास निम्मा होता. सर्वात कमी उत्सर्जन करणाऱ्या 50 टक्क्यांचा 12 टक्के. 1990 मध्ये ही दरी मुख्यतः देशादेशांत होती, आता ती जास्त करून देशांच्या आतच आहे.

अर्थतज्ज्ञ जेम्स बॉइस यांनी 1994 मध्ये मांडलेला मुद्दाही वर्गात सांगा: प्रदूषणाचा लाभ ज्यांना होतो ते बलवान आणि झळ ज्यांना बसते ते दुबळे असतील, तर प्रदूषण वाढतं. आधी बस वाढवायच्या की उड्डाणपूल, नवी वीज कोळशाची की सूर्याची, हे पंखा पहिल्यांदाच घेणारं घर ठरवत नाही.

गाडीचा हिशेब मात्र फळ्यावर मुलांनाच करू द्या. किलोमीटरही त्यांनीच धरावेत.