सगळी बचत कार्डात ओतू नका

प्रश्न : ताई, आमच्या कंपनीत नोकरकपात सुरू झाली आहे. पुढच्या यादीत माझं नाव असेल अशी धास्ती आहे. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून माझ्या चार पगारांइतकं देणं आहे आणि मी दरमहा फक्त किमान रक्कम भरतो. बचत साडेचार पगारांइतकी आहे. ती मोडून एकदाचं मोकळं व्हावं का? बायकोला यातलं काहीच माहीत नाही.

उत्तर : नका मोडू, निदान सगळी तरी नका. नोकरी पक्की असती तर मी उलट सांगितलं असतं, कारण इतकं महाग कर्ज ठेवून बचत सांभाळण्यात तोटाच असतो. पण पगार थांबला की घरभाडं आणि किराणा रोख पैशावरच चालतो. 'लागलं तर पुन्हा कार्ड वापरू' या भरवशावर राहू नका. कार्डाची मर्यादा बँक कधीही कमी करू शकते.

घराचा अगदी आवश्यक खर्च चार-पाच महिने भागेल एवढी रक्कम बाजूला काढा, शक्यतो कार्ड ज्या बँकेचं आहे तिथे न ठेवता दुसरीकडे. त्यावर काही उरलं तर ते जास्त व्याजाच्या कार्डावर भरा.

कार्ड वापरणं मात्र आजच थांबवा. व्याज दरमहा 3 टक्के धरलं तर चक्रवाढीने ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. किमान रक्कम बाकीच्या 5 टक्के असेल, तर त्यातले 3 व्याजातच जातात, मुद्दल जेमतेम 2 टक्क्यांनी उतरतं. मागची बाकी असताना नव्या खरेदीला सहसा बिनव्याजी मुदतही मिळत नाही. अ‍ॅपमध्ये साठवलेलं कार्ड आणि आपोआप कापली जाणारी वर्गणी आठवणीने काढून टाका.

आणि याच आठवड्यात बँकेशी बोला. पगार खात्यात येतोय तोवरच तुमच्या शब्दाला वजन आहे. थकबाकी कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत बदलून मिळेल का, प्रक्रिया शुल्क किती, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, हे विचारा. हप्ता किमान रकमेपेक्षा मोठा असू शकतो. पगार नसताना तो बचतीतून झेपेल का, हे बघूनच होकार द्या. अर्जात नोकरीबद्दल विचारलं तर खरं तेच लिहा. नोकरी गेलीच, तर हप्ता चुकण्याआधी बँकेला कळवून सवलत मागा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. कमी रकमेत 'सेटलमेंट' करण्याचा मार्ग अगदी शेवटचा ठेवा, कारण ती नोंद पुढच्या कर्जांना आडवी येते.

आता बायकोबद्दल. तुम्ही हे तिला घाबरवायचं नाही म्हणून लपवलंत, असं मी धरून चालते. पण खर्च कापायचा तर तो दोघांनाच कापावा लागणार. वसुलीच्या फोनवरून तिला कळलं, तर कर्जापेक्षा लपवाछपवीच तिला जास्त लागेल. ती चिडेल, रडेलही. त्या वेळी सफाई देत बसू नका, ऐकून घ्या. दोन्ही कार्डांची ताजी स्टेटमेंट समोर ठेवून पूर्ण आकडा सांगा, थोडाही कमी करून नाही. बाजूला किती काढायचं, हे मग दोघं मिळून ठरवा.

बँकेने हप्ता किती सांगितला ते कळवा. पुढचा हिशेब त्यावरून मांडता येईल.