नाट्यप्रसंगांची जुनी मुद्राचित्रे घेताना

इंग्रजी रंगभूमीवरील मुद्राचित्रांचा, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांचा, संग्रह आपण सुरू करत आहात, तर खरेदीपूर्वी एक चित्र संग्रहालयात किंवा त्याच्या संकेतस्थळावर बारकाईने पाहावे: इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने रंगवलेले आणि १७४६ मध्ये चार्ल्स ग्रिन्यनसह तांब्यावर कोरलेले, शेक्सपिअरच्या नाटकातील तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेतील नट डेव्हिड गॅरिकचे. भुतांच्या स्वप्नातून दचकून उठलेल्या राजाचा ताणलेला पंजा आणि तंबूतील दाट सावल्या पाहिल्या की चांगला ठसा (पत्र्यावरून कागदावर उमटलेली प्रत) कसा असतो, ते कळते.

चित्राखालच्या तारखेवर मात्र विसंबू नये. कोरीव चित्रांच्या हक्कांविषयीच्या १७३५ च्या ब्रिटिश कायद्यामुळे ती तांब्याच्या पत्र्यावरच कोरली जाई आणि नंतरच्या छपाईतही तशीच उमटे. होगार्थचे पत्रे कोरीवकार जेम्स हीथने दुरुस्त केल्यावर १८२२ मध्ये पुन्हा छापले गेले; लंडनचे प्रकाशक जॉन बॉयडेल यांच्या, शेक्सपिअरच्या नाटकांतील प्रसंगांच्या चित्रमालेचे पत्रेही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा वापरले गेले. झिजलेल्या पत्र्याच्या ठशात सावल्या करड्या आणि सपाट दिसतात.

भिंग नेहमी जवळ ठेवावे. बॉयडेलच्या अनेक चित्रांत ठिपक्यांचे कोरीवकाम आहे. ते ठिपके लहानमोठे असतात, तर आधुनिक छपाईचे ठिपके ठरावीक जाळीत बसतात. कडेला पत्र्याच्या दाबाची खूण शोधावी, पण समास कापलेला असेल तर ती नसणारच.

सुरुवातीला अठराव्या शतकातील लंडनचे प्रकाशक जॉन बेल यांच्या छापील नाटकमालांतील नटनट्यांची छोटी चित्रे घ्यावीत. त्यांतील काहींत नटाला त्याने कधीच न केलेल्या भूमिकेत दाखवले आहे, म्हणून प्रयोगाचा पुरावा म्हणून ती जपूनच वापरावीत.