संस्थांचा कारभार-सल्लागार व्हायचंय. एमबीए करू की कायद्याची पदवी घेऊ?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं एका सामाजिक संस्थेत प्रकल्प सांभाळलेत, आता स्वयंसेवी आणि सरकारी संस्थांना कारभाराबद्दल सल्ला द्यायचाय, आणि एका ज्येष्ठ सल्लागाराने सांगितलं की "पंधरा-वीस पॉलिसींचा संच तयार ठेव, प्रत्येक वेळी फक्त संस्थेचं नाव बदलायचं." पॉलिसी म्हणजे इथे संस्थेचं लेखी धोरण. पदवीचं खाली लिहितो. आधी ह्या वाक्याबद्दल बोलू द्या, कारण आमच्या व्यवसायाची जेवढी नासाडी ह्या एका समजुतीने केली तेवढी दुसऱ्या कशानेही केली नाही.

एन्रॉन ही अमेरिकेतली बडी ऊर्जा कंपनी 2001 मध्ये कोसळली तेव्हा तिच्याकडे 64 पानांची आचारसंहिता होती. स्वतःच्या वित्तप्रमुखाला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदाऱ्या चालवता याव्यात म्हणून संचालक मंडळाने 1999 मध्ये त्या संहितेतून सूट दिली, तीही रीतसर. म्हणजे पॉलिसी होती, सभा झाली, नोंदही झाली. हे नफ्याच्या कंपनीचं उदाहरण आहे, पण स्वयंसेवी संस्थांत रोग तोच असतो, फक्त रकमा लहान असतात. अमेरिकेत करमाफी मिळालेल्या मोठ्या संस्था दरवर्षी फॉर्म 990 भरतात. त्यात 2008 पासून विचारलं जातं की हितसंबंधांच्या संघर्षाबद्दल, म्हणजे सदस्याचा खाजगी फायदा आणि संस्थेचं हित ह्यांच्या टकरीबद्दल, लेखी पॉलिसी आहे का. बहुतेक जण तिथे "हो" लिहितात आणि संचवाल्यांचा धंदा चालतो. त्याच ओळीखालचा उपप्रश्न मात्र असा आहे: पॉलिसी पाळली जाते की नाही हे तुम्ही नियमित तपासता का, आणि कसं? सल्लागाराचं काम ह्या उपप्रश्नापासून सुरू होतं.

त्यासाठी आधी वाचायची ती इतिवृत्तं, म्हणजे मंडळाच्या सभांच्या लेखी नोंदी. पॉलिसी नंतर. संस्थेला पाठवायच्या पहिल्या पत्रात मागायचं ते असं: संस्थेची मूळ घटना (म्हणजे तिची नियमावली) आणि तिच्यातल्या सगळ्या दुरुस्त्या, मागच्या 24 महिन्यांची इतिवृत्तं, प्रत्येक सभेआधी सदस्यांना पाठवलेली कागदपत्रं त्यांच्या पाठवल्याच्या तारखांसकट, सदस्यांच्या नेमणुकीच्या आणि मुदत संपण्याच्या तारखा, बँकेतल्या सह्यांचे अधिकार, आणि लेखापरीक्षकाने व्यवस्थापनाला लिहिलेली दोन वर्षांची पत्रं. लेखापरीक्षणाचा छापील अहवाल सगळेच देतात. ते खाजगी पत्र द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे काहीतरी आहे असं धरून चाला.

मग तक्ता करा. प्रत्येक ठरावाची एक ओळ: तारीख, विषय कोणी आणला, टिपण किती दिवस आधी मिळालं, रक्कम, कोणी विरोध किंवा शंका नोंदवली का, पुढचं काम कोणाकडे, आणि पुढच्या कुठल्या सभेत ते झाल्याचं कळवलं. हे कंटाळवाणं आहे, चार दिवस जातात, आणि हे काम मदतनिसावर टाकू नये. तक्ता भरताना जे दिसतं ते सारांशात दिसत नाही.

पहिली मोजायची गोष्ट म्हणजे कार्योत्तर मंजुरी. दोन वर्षांत 60 ठराव आणि त्यांतले 20 आधीच झालेल्या गोष्टींना मान्यता देणारे असतील, तर निर्णय मंडळात होत नाहीत हे सिद्ध झालं. इथे कच्चा सल्लागार अहवालात "कार्योत्तर मंजुरी टाळावी" असं लिहितो. त्या वाक्याने काहीही बदलत नाही, कारण ह्या सवयीची निदान चार वेगळी कारणं असतात आणि चारींचे उपाय वेगळे आहेत. सभा तीन महिन्यांनी होते आणि कार्यकारी प्रमुखाची खर्चाची मर्यादा इतकी खाली आहे की साध्या दुरुस्तीलाही मंडळ लागतं: मर्यादा वाढवा. देणगीदाराच्या कराराची मुदत दोन सभांच्या मधे येते: घटनेत परवानगी असेल तर फिरत्या ठरावाची पद्धत घाला, म्हणजे सभा न घेता सदस्यांकडे ठराव पाठवून लेखी संमती घ्यायची, उत्तर किती दिवसांत आणि किती जणांचं हवं ते लिहून. अध्यक्ष फोनवर "करा" म्हणतात: अध्यक्षाने एकट्याने काय ठरवायचं ह्याची यादी करा आणि तसे निर्णय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला आणा. चौथं कारण, म्हणजे मंडळाला विचारायची गरजच वाटत नाही, हेच खरं दुखणं. कार्योत्तर ठरावांच्या प्रत्येक ओळीपुढे ह्या चारांपैकी एक कारण लिहिता आलं पाहिजे. जिथे येत नाही तिथे मुलाखतीत विचारायचं.

दुसरं हितसंबंधांचं. वर्षातून एकदा सगळ्यांनी "काही नाही" असं लिहून सही केलेला फॉर्म जवळजवळ निरुपयोगी असतो. इतिवृत्तात शोधायचं ते हे: ज्या दिवशी एखाद्या सदस्याच्या नातेवाइकाच्या कंपनीला काम दिलं, त्या दिवशी त्या सदस्याने संबंध सांगितला का, तो खोलीबाहेर गेला का, तो अध्यक्ष असेल तर त्या विषयापुरतं सभेचं काम कोणी चालवलं, आणि तो बाहेर गेल्यावर गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, उरली का. शेवटचा मुद्दा हमखास सुटतो. काही घटनांत संबंधित सदस्य गणपूर्तीत धरला जातो, काहींत नाही; काहींत सभेच्या सुरुवातीची गणपूर्ती पुरते, काहींत प्रत्येक ठरावाला लागते. घटना न वाचता ह्यावर मत देऊ नका. नऊ जणांचं मंडळ, गणपूर्ती पाच, हजर पाच, त्यांतला एक उठून गेला: घटनेत प्रत्येक ठरावाला गणपूर्ती लागत असेल आणि संबंधित सदस्य तीत धरला जात नसेल तर तो ठराव उभाच राहत नाही. वर्षभराने वाद कोर्टात गेला की प्रकरण नेमकं इथे अडकतं.

तिसरं, पैसा. इथे तुमची प्रकल्पातली आठ वर्षं उपयोगी पडतील. बँकेत दिसणाऱ्या शिलकेतून देणगीदारांनी ठरावीक कामासाठीच दिलेला निधी वजा करा. उरलेल्या रकमेतले लगेच मोकळे करता येतील असे पैसे घ्या आणि पगार-भाडं धरून महिन्याच्या अटळ खर्चाने भागा. उत्तर महिन्यांत येतं. मंडळातल्या प्रत्येकाला हा आकडा विचारा. खजिनदार सोडून कोणालाच सांगता आला नाही तर अहवालातला पहिला मुद्दा तुम्हाला मिळाला.

लंडनच्या किड्स कंपनीचं प्रकरण ह्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने नीट अभ्यासावं. 1996 मध्ये सुरू झालेली, मुलांसाठी झटणारी, सरकारी पैसा आणि मोठमोठ्या लोकांचा पाठिंबा असलेली संस्था ऑगस्ट 2015 मध्ये बंद पडली. विश्वस्तांना संचालकपदासाठी अपात्र ठरवण्याची मागणी फेब्रुवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली. वर्षभराने तिथल्या धर्मादाय आयोगाने मात्र व्यवस्थापनात चूक झाल्याचा निष्कर्ष काढला, कारण संस्थेला ज्यांचं देणं होतं त्यांचे, स्वतःच्या कामगारांचे आणि कराचे पैसे वेळेवर न देणं वारंवार घडलं होतं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. विश्वस्त प्रामाणिक असणं आणि संस्थेचा राखीव निधी पुरेसा असणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "आमची माणसं निष्ठावान आहेत" हे वाक्य मुलाखतीत ऐकू आलं की तिथेच पुढचा प्रश्न राखीव निधीचा विचारायचा.

ह्याच प्रकरणात सरकारी बाजूचाही धडा आहे. संस्था बंद पडण्याच्या काही दिवस आधी तिला 30 लाख पौंडांचं अनुदान मिळालं. खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला तो खर्च योग्य वाटत नव्हता, म्हणून त्याने मंत्र्यांकडे लेखी आदेश मागितला, आणि तो मिळाल्यावरच पैसे दिले. ब्रिटनमध्ये खात्याच्या पैशांना जबाबदार अधिकाऱ्यासाठी ही रीतसर सोय आहे. खर्च झाला तरी निर्णय कोणाचा हे कागदावर राहिलं. सरकारी संस्थेला सल्ला देताना पहिला शोध ह्याचा घ्यायचा: मतभेद झाला तर तो नोंदवायची जागा कुठे आहे? स्वयंसेवी संस्थेचं मंडळ स्वतःच्या सदस्याला बहुधा काढू शकतं. सरकारी मंडळावरचे सदस्य वरून नेमलेले असतात, अधिकार कायद्याने आखलेले असतात, आणि कित्येकदा मंडळ फक्त शिफारस करतं. त्यामुळे तिथे मंडळाच्या बैठकीपेक्षा अधिकार-प्रदानाचे आदेश (कोणी काय मंजूर करायचं ते ठरवणारे) आणि खरेदीच्या फायली जास्त बोलतात. एकाच पुरवठादाराला महिन्याभरात निविदेच्या मर्यादेच्या जेमतेम खाली तीन ऑर्डरी दिसल्या तर निविदा टाळायला कामाचे तुकडे पाडलेत की नाही ते बघा. ब्रिटनमध्ये नोलन समितीने 1995 मध्ये सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं मांडली. ती सुंदर आहेत, भिंतीवर लावायला हरकत नाही, पण तुकडे पाडलेली ऑर्डर पकडायला तारीखवार यादीच लागते.

मुलाखती प्रत्येकाशी एकट्याने, पाऊण ते एक तास, सगळ्यांना तेच सहा-सात प्रश्न. सुरुवात सर्वांत नव्या सदस्यापासून करा, कारण त्याला विचित्र गोष्टी अजून विचित्र वाटतात, अध्यक्ष शेवटी. एक प्रश्न कधीच वगळू नका: "गेल्या वर्षात मंडळाने कुठला प्रस्ताव नाकारला किंवा सुधारायला परत पाठवला?" प्रत्येकाने वेगळं उदाहरण दिलं तर बरं. सगळे गप्प बसले तर तुमच्या तक्त्यातला विरोधाचा रकाना का रिकामा होता ते कळतं.

मग एक सभा प्रत्यक्ष बघा. टेबलाशी बसू नका, बोलू नका, प्रत्येक विषयाला किती मिनिटं गेली ते लिहा. वार्षिक अंदाजपत्रकाला सहा मिनिटं आणि वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला चाळीस, अशी नोंद वेळेसकट समोर ठेवली की मंडळाला कुठलंही व्याख्यान द्यावं लागत नाही.

नऊ जणांच्या मंडळाच्या एका तपासणीला माझ्या हिशोबाने 17 दिवस लागतात: कागदपत्रं 4, मुलाखती 5, सभा 1, लेखन 4, मांडणी 1, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच तक्ता भरायला 2. हे शेवटचे दोन दिवस करारात नसतील तर काम घेऊ नका. अहवाल 12 पानांपेक्षा मोठा नको. प्रत्येक शिफारशीखाली जबाबदार पद, तारीख आणि मंडळाने करायच्या ठरावाचा मसुदा हवा. करारात आणखी एक कलम घाला: तुमचा अशील मंडळ आहे, आणि अहवाल जसाच्या तसा सगळ्या सदस्यांना एकाच वेळी जाईल. हे कलम नसेल तर ज्याने तुम्हाला बोलावलं तोच अहवाल दाबतो किंवा अर्धा वाटतो. बोलावणारा प्रमुख अध्यक्षांना घालवू बघतो, किंवा उलट; ह्या भांडणात हत्यार म्हणून वापरलं जाणं हा ह्या व्यवसायातला सगळ्यात मोठा धोका आहे. मसुदा अध्यक्षांना दाखवायचा तो तपशिलाच्या चुकांपुरता, भाषा मवाळ करायला नाही.

आता पदवी. कायदा शिकलात तर घटना आणि अधिकार पटकन वाचता येतील, एमबीए केलंत तर सहसा मिळते ती ओळखींची यादी. दोन्ही नसतील तरी चालतं. चालत नाही ते हे: ताळेबंद वाचता न येणं आणि स्वतः कधी इतिवृत्त न लिहिणं. पदवीवर घालवायची दोन वर्षं एखाद्या मंडळाच्या सचिवाच्या कामात घाला, शिवाय एका लहान संस्थेच्या वित्त समितीवर बसा. सध्याच्या नोकरीतल्या संस्थेला पहिला अशील करू नका. तिथले अर्धे प्रश्न तुमच्याच सहीचे असतील. ज्या संस्थेला सल्ला दिला तिच्या मंडळावर नंतर जाऊ नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. ठराव कायद्याने टिकतो का ह्याचं मत वकिलाचं. तुम्ही शंका दाखवून थांबा. अफरातफरीचा वास आला तर मुलाखती थांबवा आणि लेखी कळवून ते काम लेखापरीक्षकांकडे द्या, नाहीतर संबंधित माणसं तुमच्याच प्रश्नांनी सावध होतील. पाच सदस्य आणि एकही पगारी माणूस नसलेल्या संस्थेला हे 17 दिवसांचं प्रकरण लावू नका. एक दिवस बसून गणपूर्ती, सह्या आणि राखीव निधी बघा, पुरे.

आणि तयार नमुने अगदीच टाकाऊ नाहीत हेही मान्य करतो. कागदपत्रं किती वर्षं ठेवायची, कर्मचाऱ्याने तक्रार कोणाकडे करायची, ह्यासाठी नमुना घेतला तर वेळ वाचतो. फक्त मंडळासमोर बसून तो कलमागणिक वाचा, आणि पुढच्या बारा महिन्यांत हे कलम कोण, कुठल्या सभेत वापरणार हे ज्या कलमाबद्दल कोणालाच सांगता येत नाही ते तिथल्या तिथे खोडा.