भेळेच्या पुडीवर कुणाचं तरी आधार

प्रश्न : राजवाड्याजवळ भेळ घेतली. खाऊन झाल्यावर पाहते तर पुडीचा कागद म्हणजे कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स! 'लाडकी बहीण'च्या अर्जापासून लॉजपर्यंत मीही कुठे कुठे झेरॉक्स दिल्यात. खासगीपणा मूलभूत हक्क आहे ना? मग सरकारला नाही म्हणता येतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सत्तावीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. अर्जांसोबतच्या झेरॉक्स कपाटात मावेनात म्हणून जिन्याखाली रचलेल्या असत. कुलूप नाही, नोंद नाही. तुमच्या पुडीचं मला नवल वाटलं नाही.

हक्क आहेच. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो एकमताने मान्य केला. दाद मागणारे पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायमूर्ती, तेही ऐंशी ओलांडलेले. पण पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने आधार कायदा बराचसा उचलून धरला. त्यामुळे सरकारी अनुदान, पॅन इथे नाही म्हणायची सोय नाही. बँक खातं आणि सिमकार्ड यांसाठीची आधारसक्ती मात्र तेव्हाच गेली. आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३च्या कायद्यात सरकारने आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवली आहे. मला विचाराल तर हे कुंपणानेच शेत खाण्यासारखं आहे.

लॉजवाल्याला अख्खा नंबर कशाला हवा? आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' प्रत काढा, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं, छपाईवरूनच, 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहा. कोपऱ्यात लिहिलंत तर कापता येतं, हे मी टेबलापलीकडे बसून शिकलो. आधारच्या संकेतस्थळावरच आपलं आधार कुठे कुठे तपासलं गेलं, त्याचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहासही दिसतो. तो अधूनमधून बघत जा.

बोटांचे ठसेही लॉक करता येतात. मात्र रेशनच्या दिवशी आठवणीने उघडा. आमच्या सौ. विसरल्या. दुकानदार मशीनवर पुन्हा पुन्हा अंगठा लावायला सांगतोय, मागे रांग वाढतेय, आणि आमच्या सौ. 'भांडी घासून रेषाच गेल्या' म्हणून सांगतायत. घरी आल्यावर बोलणी मी खाल्ली.

ती पुडी टाकून दिली नसेल, तर बारीक फाडा.