वाऱ्याची शीळ आणि कानांचे दडे

गाडीचा दवाखाना : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्याच्या टपालात दोन दारांच्या, बुटक्या, वेगवान गाड्यांचीच पत्रं जास्त. एके काळी अशी गाडी नाना पेठेत आली की चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला यायची. आता माझ्याकडे काच आणि रबराच्या तक्रारी घेऊन महिन्याला दोन-तीन तरी येतात. गाड्यांची नावं पत्रांत होती, पण मी छापत नाही. दुखणी साधारण सारखीच आहेत.

नमस्कार सर. मी नाशिकचा. मागच्या वर्षी जुनी कूपे घेतली, दाराच्या काचेला वरून चौकट नाही अशी. समृद्धीवर ९० च्या पुढे गेलं की ड्रायव्हरच्या कानाशी शिट्टी सुरू होते आणि ११० ला तर बायकोशी बोलता येत नाही. एका दुकानाने चारही बाजूंनी डॅम्पिंग शीट लावायला ४५ हजार सांगितले. लावू का? (बाकी गाडी उत्तम आहे. दिवाळीत फक्त बॅटरी बदलली. तेव्हापासून काच वर करताना बटण दाबून धरावं लागतं, पण ते काही फार नाही.)

साहेब, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

चौकट नसलेल्या काचेची गंमत अशी. तुम्ही हँडल ओढलं की काच साधारण सेंटिमीटरभर खाली सरकते, दार उघडतं. दार लावलं की ती पुन्हा वर जाऊन छताच्या रबरात घुसून बसते. पोर्शे ९११ असो, मस्टँग असो की झेड-४, पद्धत हीच. काच कुठपर्यंत न्यायची हे दाराच्या छोट्या कॉम्प्युटरला पाठ असतं. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत तो हे विसरतो. मग एका टिचकीत काच पूर्ण वर जाणं बंद होतं, म्हणजे तुम्ही लिहिलंत तेच. आणि शेवटचे दोन-चार मिलिमीटर काच रबरात शिरतच नाही. शिट्टी तिथूनच येत असणार.

तेव्हा ४५ हजार खिशातच ठेवा. गाडीच्या पुस्तकात खिडकी पुन्हा शिकवण्याची कृती दिलेली असते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवायचं असतं, पण सेकंद किती आणि किती वेळा हे प्रत्येक गाडीत वेगळं, म्हणून पुस्तक बघाच. दोन्ही दारांना करा. मग दार उघडताना काचेकडे नीट बघा. ती टुणकन खाली आली पाहिजे.

डॅम्पिंग शीट वाईट नाही, पण तिचं काम वेगळं. पत्रा थरथरत असेल तर ती त्याला जड करून गप्प करते, टायरची घरघर थोडी कमी करते. फटीतून येणाऱ्या वाऱ्याला तिचं काय? उघड्या खिडकीला जाड पडदा लावून थंडी थांबत नाही.

आता शिकवूनही शिट्टी राहिली तर पुढचं. काचेच्या वरच्या कडेला शाळेतला पांढरा खडू घासा, चांगला जाड. दार हळूच लावा, काच पूर्ण वर बसू द्या, पुन्हा उघडा आणि छताचं रबर बघा. त्यावर खडूची रेघ उमटलेली असेल. सलग असेल तर ठीक. पण माझा अनुभव असा की आरशाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे पुढच्या काचेचा खांब आणि छत भेटतात, तिथे रेघ पुसट होते किंवा बोटभर तुटते. मग त्याच जागी दहाची नोट काचेत आणि रबरात धरून दार लावा आणि नोट ओढा. ती अडकत-अडकत आली पाहिजे. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली, तर तिथे दाब नाही.

दाब का हवा, तेही सांगतो, कारण गॅरेजवाल्याशी बोलताना उपयोगी पडेल. पळणाऱ्या गाडीच्या बाजूच्या काचेवरून वारा वेगाने जातो, तिथे बाहेरचा दाब कमी होतो आणि काच बाहेर ओढली जाते. मी वहीत हिशोब मांडून बघितला. १२० च्या वेगाला कूपेच्या एका काचेवर दहा ते वीस किलोंचा ओढा येतो. चौकटीच्या दारात काच तीन बाजूंनी धरलेली असते. तुमच्यात ती फक्त खालून धरलेली, वर मोकळी. म्हणून घरी पार्किंगमध्ये चोख बसलेली काच हायवेवर केसभर बाहेर झुकते आणि रबर सोडते. तुम्हाला ९० ला शिट्टी सुरू होते ती याच झुकण्याने असू शकते.

यावर उपाय म्हणजे काचेला आत झुकवून ठेवणं. दाराचं आतलं कव्हर काढलं की खाली स्क्रू असतात, त्यांनी काचेची उंची, पुढे-मागे सरकणं आणि आतला झुकाव, तिन्ही बदलता येतं. हे काम रस्त्यावरच्या काचवाल्याला देऊ नका. झुकाव जास्त झाला तर दार लावताना काच छताच्या कडेवर आपटते, आणि कडक काच फुटायला एक आपटणं पुरतं. दर वेळी अर्धा फेरा, मग खडू, मग नोट. मी एका दाराला अर्धा दिवस घालवलाय.

रबराबद्दल. ते ईपीडीएम जातीचं असतं, उन्हात ताठ होतं, पण मरत नाही. स्वच्छ ओल्या कापडाने पुसा, वाळवा, सिलिकॉनचं रबर-ग्रीस बोटाने पातळ चोळा. व्हॅसलिन, इंजिन ऑइल, डिझेलचं फडकं यांपैकी काहीही नको, पेट्रोलियमने हे रबर फुगतं. खोबरेल तेलही नको, धूळ धरतं.

आणि खडूची रेघ सलग असूनही आवाज येत असेल, तर तो खिडकीचा नाही असं समजून मास्किंग टेप घ्या, रंगारी वापरतात ती कागदी. आरशाच्या बुडाची फट, पुढच्या काचेच्या खांबाची कड, बॉनेट आणि फेंडरमधली फट, दाराची वरची रेघ, सगळीकडे चिकटवा. ड्रायव्हरच्या दारावर बाहेरून चिकटवायची असल्याने तुम्हाला शेजारच्या दाराने आत चढावं लागेल, लोक हसतील, हसू द्या. पहाटे वारा पडलेला असताना निघा, आडव्या वाऱ्यात ही चाचणी फुकट. ठरलेल्या पट्ट्यावर ठरलेल्या ९५ च्या वेगाने एक फेरी. गप्प झाली? मग बाजूला सुरक्षित जागी थांबून एक-एक टेप काढत जा. जी काढल्यावर शिट्टी परत येते, तिथे दोष. ऐकायचं काम शेजारी बसणाऱ्याने करायचं, चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, तुमची शिट्टी ९० लाच येते, तेव्हा ९५ च्या पुढे जायचं कारणच नाही.

एक अपेक्षा मात्र खाली आणा. वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ८० वरून १२० ला गेलात की ती अकरा पट होते आणि कानाला आवाज दुप्पट मोठा वाटतो. शिट्टी जाईल. सुसाट आवाज थोडा राहणारच. बुटक्या गाडीत तुमचा कान काचेच्या अगदी जवळ असतो.

काका, माझ्या टू-सीटरची एकच काच उघडली की ६०-७० ला भप्-भप्-भप् असं काहीतरी होतं. आवाज म्हणावा तर नाही, पण कानात कोणी बोटं मारतंय असं वाटतं. मुलगी रडायला लागते. सस्पेन्शन दाखवलं, काही निघालं नाही. – कोल्हापूर

सस्पेन्शनचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घाला. ती घुमते ना? तुमची गाडी म्हणजे ती बाटली, उघडी खिडकी म्हणजे तिचं तोंड. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या घुमण्याचा अभ्यास केला, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. बाटली छोटी म्हणून तिचा सूर ऐकू येतो. गाडी मोठी, तिच्यातली हवा सेकंदाला वीसेक वेळाच आत-बाहेर होते. तेवढा खालचा सूर कानाला धड ऐकू येत नाही, पण पडद्यावर धक्के बसतात. मुलगी नाटक करत नाहीये.

उपाय फुकट आहे. दुसरी काच दोन बोटं उघडा. बाटलीला दुसरं भोक पडलं की ती घुमत नाही. किंवा पहिलीच काच थोडी वर-खाली करा, सूर जुळायचा बंद होतो. सतत एकच काच उघडी ठेवायची सवय असेल तर काचेच्या पुढच्या कडेला छोटा व्हायझर लावून बघा. जुन्या गाड्या फटींनी भरलेल्या असायच्या, त्यांना हा त्रास कमी. गाडी जितकी गुळगुळीत आणि बंद, तितकी बाटली चांगली.

गाडीत ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवल्यापासून दार आपटल्याशिवाय लागत नाही. लागलं की कानाला दडे. पावसात काचांवर धुकं. दाराचं कुलूप बदलू का? – ठाणे

थांबा. दार लावण्याआधी दुसरी काच चार बोटं खाली करा आणि मग दार सहज लावा. लागलं? तर कुलूप ठीक आहे, आतली हवा अडकलीये. तरीही लागलं नाही, तर बिजागरी आणि कुलूप बघा.

हवा अडकली असणार अशी माझी जवळजवळ खात्री आहे. ब्लोअर बाहेरची हवा आत ढकलतो, ती कुठून तरी बाहेर जायला हवी. त्यासाठी मागच्या बंपरच्या आड, बहुतेक बाजूच्या कोपऱ्यात, रबरी पडद्यांची जाळी असते. पडदे फक्त बाहेरच्या बाजूने उघडतात. दार आपटताना होणारा दाबही तिथूनच सुटतो. दोन माणसांच्या छोट्या केबिनमध्ये हवाच थोडी, म्हणून ही वाट बुजली की लगेच कानाला कळतं. तुमच्या वूफरची पेटी, नाहीतर त्याच्यामागे डकवलेली शीट, नेमकी त्या जाळीसमोर आहे का बघा. पेटी चार बोटं पुढे सरकवून बघायला पैसे पडत नाहीत.

हे मी अधिकाराने सांगतोय, कारण हीच चूक मी केलीये. धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाची तक्रार होती, डिकीत धूळ येते. मी शोधली जाळी, आणि शहाणपणाने सिलिकॉन भरून बंद करून टाकली. धूळ थांबली. जूनमध्ये तो माणूस परत आला, काचेच्या आतून रुमाल फिरवत. दार लागत नव्हतं, काचा पुसल्याशिवाय गाडी चालत नव्हती. पडदा झिजून उघडा राहत होता, तो पाच मिनिटांत बदलता आला असता. ते सिलिकॉन खरवडून काढायला मला एक रविवार लागला, आणि त्याने त्याचे पैसे दिले नाहीत, बरोबरच केलं. त्यानंतर जाळी उघडली की आधी टॉर्च मारतो. एकदा आत कुंभारमाशीने मातीचं अख्खं घर बांधलेलं होतं.

आवाज थांबवायचा तो पुढून. मागची वाट बुजवू नका.

आई ७१ वर्षांची. खंडाळ्याच्या घाटात तिचे कान बंद होतात, मुंबईकडे उतरताना जास्त. माझी गाडी स्पोर्ट्स आहे, आतून फार घट्ट आहे, म्हणून असं होतं का? रबर थोडी सैल करता येतील का? – पुणे

नाही, आणि कृपा करून करू नका. गाडी म्हणजे विमान नव्हे, ती दाब धरून ठेवत नाही. चढताना मघाशी सांगितलेल्या जाळीतून, उतरताना ब्लोअरच्या वाटेने आणि फटींतून आतला-बाहेरचा दाब क्षणात सारखा होतो. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. एवढ्या चढ-उतारात हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी बदलतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर ६५ सेंटिमीटर पाण्याखाली बुडी मारल्यासारखं. दार आपटल्यावरचा दाब दोन-तीन सेंटिमीटर पाण्याएवढा. रिक्षातून गेल्या असत्या तरी आईंचे कान बंदच झाले असते.

उतरताना त्रास जास्त, कारण नाकामागून कानाकडे जाणारी नळी हवा बाहेर सोडते सहज, आत घेते कुरकुरत. घाट सुरू होताना त्यांना लिमलेटची गोळी द्या, घोट-घोट पाणी द्या, झोपू देऊ नका. सर्दी असेल त्या दिवशी प्रवास टाळता आला तर टाळा. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशीही कान उघडले नाहीत तर कानाच्या डॉक्टरांकडे. माझ्याकडे नको.

आम्ही म्युनिकमध्ये असतो. जुनी कापडी छताची गाडी घेतली. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या वेगवान महामार्गावर, छत फुग्यासारखं वर येतं. फाटेल का? आणि छत उघडून चालवलं की मानेवर मागून वारा येतो. – म्युनिक

वरून जाणारा वारा दाब कमी करतो, आतला दाब कापडाला वर ढकलतो. काचेचं जे बाहेर झुकणं वर सांगितलं, तेच छताचं. कापड फाटायची भीती कमी. जुन्या छतांत आडव्या कमानींना कापड बांधणारे पट्टे आणि लवचिक दोऱ्या सैल होतात, ते बघून घ्या. आणि पुढच्या काचेवर छत जिथे कुलुपबंद होतं, तिथलं रबर नोटेने तपासा. तुमच्याकडे पाच युरोची नोट चालेल. हिवाळ्यात ब्लोअर चारवर ठेवून गाडी पळवता का? एक-दोनवर आणा, फुगा थोडा बसेल.

छत उघडून चालवताना मानेवर मागून वारा येतो म्हणालात, तो खरंच मागून येतो. पुढच्या काचेवरून उडी मारून वळून परत फिरतो. सीटमागची जाळी त्यासाठीच असते. जुन्या गाडीबरोबर मिळाली नसेल तर तीच आधी शोधा, आणि बाजूच्या काचा वर ठेवा.

पुढच्या वेळी लिहिताना तीन गोष्टी जरूर कळवा : आवाज कुठल्या वेगाला सुरू होतो, कुठल्या कानाला, आणि त्याआधीच्या महिन्यात गाडीला कोणी हात लावला होता.