पट ३९ वर आला, सहकारी खचले

प्रश्न : गुरुजी, यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत दोन वर्षांपासून मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे आहे. पट ५८ होता, यंदा ३९ उरलाय. बरेच दाखले तालुक्याच्या कॉन्व्हेंटला गेले. सहकारी म्हणतात, ‘मॅडम, शाळा आज ना उद्या बंदच होईल, कशाला जीव जाळता?’ परिपाठाला मी उमेदीनं बोलते, पण ती उमेद आता मलाच खोटी वाटते. काय करू?

उत्तर : ताई, परिपाठाची भाषणं काही दिवस राहू द्या. मीही ती केलीत. वाशीम जिल्ह्यातल्या एका शाळेत माझ्यावरही हीच वेळ आली होती. भिंती रंगवल्या, घोषवाक्यं लिहिली, पालकसभा बोलावली. चौघं आली आणि दाराशीच टेकली. खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘सर, तुमी बलावता तं आमी येतो. तुमी कवा आले आमच्या घरी?’ दोन वर्षांत मी गावात एकाही घरचा चहा प्यायलो नव्हतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. पाचवीतली एक मुलगी तीन आठवडे गैरहजर. हजेरीपटावर तिच्यापुढे लाल शाईची रांग. संध्याकाळी कापसाचा काटा होतो तिथे, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिलो. आई म्हणाली, ‘लहान्या पोराले कोन पाहीन सर? म्हून पोरीले घरी ठेवतो.’ दुसऱ्या दिवसापासून तो धाकटा आमच्या पाचवीच्या वर्गात, बहिणीच्या दप्तराला धरून बसू लागला. नियमात बसत नव्हतं, पण मुलगी शाळेत आली. तेवढ्यावरून माझा जीव पुन्हा शाळेत रमला. पट काही लगेच वाढला नाही, हेही सांगतो.

सहकाऱ्यांचं तसंच. माझे एक सर सदा कडवट बोलत. एकदा त्यांच्या गाडीवर मागे बसून त्यांच्या घरी गेलो. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि हे रोज ४० किलोमीटर येऊन-जाऊन करत होते. आम्ही शेवटचा तास आपसांत वाटून घेतला. नंतर त्यांनीच मुलांना लेझीम शिकवली. तुमच्या सहकाऱ्यांनाही आधी घरचं विचारा, शाळेचं नंतर.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक सह्यांपुरती ठेवू नका. कायद्यानं तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. दुपारी दोनला बोलावलं तर बाई निंदण सोडून कशी येईल? संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर सतरंजी टाका. आल्या की आधी त्यांना बोलू द्या, अगदी कॉन्व्हेंट का बरी वाटते तेसुद्धा. ते ऐकणं जड जाईल, मलाही गेलं होतं.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गावातच थांबा. शाळेच्या ओट्यावर बसा, बोजाऱ्यासाठी, म्हणजे पोरांच्या हातावर ठेवायला, सुटे पैसे जवळ ठेवा. लाकडी बैल ओढत पोरं येतील, त्यांत कॉन्व्हेंटला गेलेलीही असतील. त्यांना दाखल्याचं काही विचारू नका. बैलाचं नाव काय ठेवलं, ते विचारा.