पॉलिशरने बॉनेटचा रंग गेला : दुकानदाराकडे काय मागता येईल?

प्रश्न : स्वतःच्या गाडीची देखभाल घरीच करावी म्हणून मी एका दुकानातून पॉलिशिंग मशीन व लोकरीचे पॅड घेतले आणि दुसऱ्या दुकानातून रबिंग कंपाउंड (रंग घासून चकाकी आणण्याची पेस्ट) घेतले. हे काम मी पहिल्यांदाच करतो आहे, असे मशीनच्या दुकानदाराला स्पष्ट सांगितले होते. त्यावर 'नवशिक्याला हेच रोटरी मशीन योग्य' असे त्याने सांगितले. पहिल्याच वापरात वेगाचे बटण जागेवर न राहता मशीन एकदम पूर्ण वेगाने फिरू लागले. पुढच्या आठवड्यात पुन्हा वापरले तेव्हा बॉनेटच्या कडेचा रंग प्रायमरपर्यंत (रंगाखालच्या अस्तराच्या थरापर्यंत) निघाला. कंपाउंड मोठ्या कॅनमधून साध्या बाटलीत भरून दिले होते. बाटलीवर लेबल नाही आणि बिलही मिळाले नाही. मशीनच्या बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापले आहे आणि दुकानदार 'कंपनीकडे जा' म्हणतो. मी नोकरी करतो, पण सुटीच्या दिवशी एक-दोन ओळखीच्यांच्या गाड्या पैसे घेऊन पॉलिश करून देण्याचाही विचार होता. मला दाद मागता येईल का?

उत्तर : दाद मागता येईल. मात्र आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. मशीन सदोष निघाले ही एक, आणि त्यामुळे गाडीचा रंग गेला ही दुसरी. पहिली सिद्ध करणे तुलनेने सोपे आहे. दुसरीत मात्र दोष आणि नुकसान यांचा संबंध पुराव्याने जोडून दाखवावा लागेल, आणि तो पुरावा आज आपल्याच ताब्यात आहे. म्हणून माझी पहिली कळकळीची विनंती अशी की, बॉनेट इतक्यात रंगवून घेऊ नका, मशीन उघडू नका किंवा ते बटण परस्पर दुरुस्त करून घेऊ नका, आणि बाटलीत उरलेले कंपाउंड टाकून देऊ नका.

बिलावरच्या छापील ओळीने आपण बिचकू नये. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार, विकलेला माल सदोष असूनही तो परत घेण्यास आणि बिलात नमूद केलेल्या मुदतीत, अशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मन बदलले म्हणून माल परत देणे आणि सदोष माल परत देणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. आपले प्रकरण दुसऱ्या प्रकारचे आहे. 'कंपनीकडे जा' हे उत्तरही दुकानदाराला पूर्णपणे मोकळे करत नाही, कारण विक्रीचा करार आपला त्याच्याशी झालेला आहे. उत्पादकाला तक्रारीत सामील जरूर करावे, पण दुकानदाराला वगळून नव्हे.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य मला वाटते ते हे की, आपण पहिल्यांदाच हे काम करत असल्याचे दुकानदाराला सांगितले होते. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६(१) नुसार, खरेदीदाराने आपला विशिष्ट हेतू विक्रेत्याला कळवला असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबून खरेदी केली असेल आणि तो विक्रेता त्याच प्रकारच्या मालाचा व्यापार करणारा असेल, तर माल त्या हेतूसाठी योग्य असावा ही अट करारात न लिहिताही गृहीत धरली जाते. आपण केवळ ब्रँडचे नाव सांगून मशीन मागितले असते, तर दुकानदाराला त्याच कलमातील अपवादाचा आधार घेता आला असता. येथे निवड त्याने केली आहे. ती निवड कशी होती हेही ग्राहक आयोगासमोर मांडता येईल. रोटरी मशीनमध्ये पॅड एकाच अक्षाभोवती फिरते, त्यामुळे एका जागी उष्णता लवकर साठते, आणि लोकरीचे पॅड फोमच्या पॅडपेक्षा जास्त वेगाने थर कापते. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, साधारणपणे चाळीस-पन्नास मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. कडांवर दाब एकवटतो आणि रंग आधी तेथेच निघतो. म्हणूनच नवशिक्याला सहसा ड्युअल ॲक्शन मशीन (ज्यात पॅड फिरता फिरता जागाही बदलत राहते) आणि फोमचे पॅड सुचवले जाते, ही या व्यवसायातील सर्वसामान्य माहिती आहे.

आता कंपाउंडच्या बाटलीकडे वळतो. बिल नाही आणि लेबलही नाही म्हणून हा भाग सोडून द्यावा असे आपल्याला वाटत असेल, पण कायदेशीरदृष्ट्या नेमकी हीच गोष्ट त्या दुसऱ्या दुकानदाराला अडचणीची ठरू शकते. सदोष उत्पादनामुळे दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाई मागण्याची तरतूद २०१९ च्या अधिनियमातील सहाव्या प्रकरणात आहे. त्यातील कलम ८६ प्रमाणे, एरवी केवळ विक्री करणारा दुकानदारसुद्धा, उत्पादक कोण हेच कळत नसेल किंवा उत्पादकाने दिलेल्या सूचना व इशारे त्याने ग्राहकापर्यंत पोहोचवले नसतील, तर स्वतः जबाबदार धरला जाऊ शकतो. कॅनवरील सूचना बाटलीवर आल्याच नाहीत, हे येथे उघड आहे. शिवाय बिल न देणे ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधीच भरून ठेवलेल्या बाटल्या तो विकत असेल, तर वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार त्यांवर उत्पादक किंवा आवेष्टकाचे (माल भरून बंद करणाऱ्याचे) नाव-पत्ता, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत इत्यादी तपशील असणे बंधनकारक आहे आणि त्याची तक्रार वैधमापन विभागाकडे स्वतंत्रपणे करता येते. अर्थात रंग कंपाउंडमुळे गेला की मशीनमुळे, हे तपासणीनंतरच ठरेल.

आपल्या बाजूचा कच्चा दुवा न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बटण जागेवर राहत नाही हे पहिल्याच वापरात लक्षात आले होते, तरीही पुढच्या आठवड्यात तेच मशीन पुन्हा गाडीवर चालवले गेले. समोरचा वकील यावरच बोट ठेवील. २०१९ च्या अधिनियमातील कलम ८७ मध्ये उत्पादनाचा गैरवापर हा विक्रेत्याचा बचाव आहे, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खाली नुकसान टाळण्याची कोणती साधने हाताशी होती याचाही विचार होतो. त्यामुळे मशीनची किंमत परत मिळण्याची शक्यता मला चांगली दिसते, पण रंगाच्या भरपाईत काही कपात होऊ शकते. पहिल्या बिघाडानंतर आपण दुकानदाराला फोन किंवा मेसेज केला असेल आणि 'चालवून पाहा' असे त्याने सांगितले असेल, तर मात्र चित्र बरेच पालटते. तसा संदेश मोबाइलमध्ये आहे का ते आधी पाहा.

पैसे घेऊन काम करण्याच्या विचाराबद्दल आपली चिंता रास्त आहे. व्यापारी प्रयोजनासाठी माल घेणारी व्यक्ती २०१९ च्या अधिनियमाच्या कलम २(७) नुसार 'ग्राहक' ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या मालाला त्यातून सूट आहे, परंतु आपल्याला नोकरी असल्याने त्या सवलतीवर विसंबणे धोक्याचे आहे. आपली खरी बाजू वेगळी आहे. खरेदी मुख्यतः स्वतःच्या गाडीसाठी होती आणि वापरही फक्त तिच्यावरच झाला. खरेदीचे प्रयोजन व्यापारी होते की नाही हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवर ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. आपला तो विचार तक्रारीत दडवू नका; उलटतपासणीत तो बाहेर आल्यास बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

पुराव्यासाठी बॉनेटचे दिवसाच्या उजेडातले जवळून फोटो काढावेत आणि एखाद्या डिटेलिंग किंवा पेंटिंगच्या जाणकाराकडून रंगाची जाडी मोजण्याच्या गेजने खराब कड आणि शेजारचा शाबूत भाग यांचे माप घेऊन सही-तारखेसह लेखी अहवाल घ्यावा. मशीन गाडीपासून दूर धरून सुरू करावे आणि बटण सुटतानाचा व्हिडिओ एकाच सलग चित्रणात घ्यावा. कंपाउंडचे पैसे यूपीआयने दिले असल्यास ती नोंद काढून ठेवावी, आणि त्या दुकानदाराला तारीख व वस्तू लिहून बिल मागणारा मेसेज आजच पाठवावा. त्याचे उत्तर किंवा मौन दोन्ही उपयोगी पडेल.

यानंतर दोन्ही दुकानदारांना आणि मशीनच्या उत्पादकाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून १५ दिवसांची मुदत द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवल्यास पुष्कळदा उत्पादक तेथेच नमते घेतो. तसे न झाल्यास आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. मालाची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग मशीन प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच ते न उघडता ठेवण्यास सांगितले. तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून २ वर्षे आहे.

मागणी लिहिताना मशीन आणि पॅडची किंमत व्याजासह, बॉनेट रंगवण्याचा लेखी अंदाजपत्रकाप्रमाणे खर्च, जाणकाराच्या अहवालाचे शुल्क आणि मानसिक त्रासापोटी माफक रक्कम एवढेच मागावे. संपूर्ण गाडी रंगवण्याचा खर्च मागण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नका, कारण नुकसान एका पॅनेलचे आहे आणि अहवालही तेवढेच सांगेल.